पुलावरची पात

मालेगाव तालुक्यात जऊळक्याच्या रस्त्यावरून महामार्ग जातो. तिथल्या पुलाचा स्लॅब, महामार्गाचं काम चालू होतं त्या वर्षी, पौष संपता संपता ओतला गेला. स्लॅबच्या पोटात असलेल्या लोखंडी जाळीच्या गाठी जवळच्या वस्तीतल्या बायकांनी बांधल्या होत्या. त्या साईटवर तोवर सळई बांधायचं काम बायकांना दिलेलं नव्हतं.

यंदा पुन्हा तुरी सोंगणीला आल्या आहेत. पुलाच्या दोन्ही अंगांची शेतं वाळून तपकिरी झाली आहेत. सकाळी दव असतं तोवर शेंगा गप्प असतात. ऊन चढलं की जराशा वाऱ्यानेही खुळखुळू लागतात. त्या खुळखुळायच्या आत सोंगणी उरकावी लागते, नाहीतर शेंगा फुटून दाणे मातीत जातात. म्हणून बायका लवकर येतात, डोक्याला टॉवेल, मफलर, काहीही गुंडाळून. वर पुलाच्या जोडावरून गाडीची चाकं जातात आणि खाली दोनदा धप्प असा आवाज येतो. बायका वर बघत नाहीत.

शेतात बायका ज्या ओळीने कामाला लागतात तिला इकडे पात म्हणतात. त्या ओळीतल्या प्रत्येकीच्या वाट्याचा जो पट्टा असतो त्यालाही पातच म्हणतात. निंदण असो की सोयाबीनची सोंगणी, प्रत्येकीने आपली पात धरायची आणि सगळ्यांनी बरोबरीने पुढे सरकायचं. दोन्ही कडांना भरवशाच्या बाया असतात. जिचा हात मंद आहे तिला मध्ये घेतात, दोन चलाख हातांच्या मधोमध. ती मागे पडली की शेजारणी आपलं करता करता तिच्या पातीत एक-एक हात टाकतात. तसं कोणी कोणाला सांगत नाही आणि नंतर त्याची आठवणही काढत नाही. लांबून बघणाऱ्याला ओळ सरळ दिसते, एवढंच.

त्या हिवाळ्यात ही ओळ शेतातून उठून पुलावर गेली होती.

त्याचं कारण साधं होतं. जाळी बांधणारी परराज्यातली टोळी दिवाळीला गावी गेली ती परत आली नाही. ठेकेदाराने वस्तीत निरोप पाठवला. ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक वस्तीत यायचे तेच दिवस. दरवर्षी दिवाळी झाली की ट्रक लागायचे, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं वर चढायची आणि दारांना काटेरी फांद्या लावून वस्ती निम्मी रिकामी व्हायची. त्या वर्षी बरेच जण ट्रकमध्ये बसले नाहीत. पुरुषांना सळ्या वाहून मांडायचं काम मिळालं, बायकांना गाठी मारायचं.

त्या हिवाळ्यातली वस्ती आठवते ती धुरामुळे. संध्याकाळी प्रत्येक घरावर धूर असायचा. शाळेच्या पटांगणात कवायतीच्या रांगा पूर्ण भरायच्या आणि मास्तरांना आवाज चढवावा लागायचा. तुरीच्या ओल्या सोल्यांच्या उसळीचा वास गल्लीभर यायचा. त्या वर्षी वस्तीतली कुत्रीसुद्धा जाड झाली होती.

मी तेव्हा मालेगावला बातमीदारी करत होतो. साईटवर परदेशी कंपनीचा एक अभियंता आला होता, त्याला दुभाषा हवा होता. त्या हंगामापुरतं ते काम माझ्याकडे आलं.

अभियंत्याचं नाव दानिलो. फिलिपाइन्सचा. बुटका, गोल चेहऱ्याचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं सेकंद मोजायचं घड्याळ. आखातात आणि आफ्रिकेत त्याने हेच काम केलं होतं: एक माणूस एका दिवसात किती काम करतो ते मोजायचं. कंपनीने निविदा भरताना माणशी कामाचा जो दर धरला होता तो दुसऱ्या देशातल्या कामांवरून काढलेला होता. इथे काम त्या दराने होत नव्हतं. का होत नाही ते शोधायला दानिलोला पाठवलं होतं.

त्याने पहिले काही दिवस फक्त बघितलं. ठरावीक वेळाने फेरी मारायची आणि त्या क्षणी प्रत्येक माणूस काय करतो आहे त्याची खूण करायची. काम करतो आहे, चालतो आहे, थांबला आहे. पहिल्या आठवड्याअखेरीस त्याने जो अहवाल दिला त्यात आळसाचा उल्लेख नव्हता. सगळ्यात जास्त वेळ सळ्यांची वाट बघण्यात जात होता. क्रेन एकच होती आणि ती दोन पुलांना मिळून होती. साईटच्या इंचार्ज साहेबांनी अहवाल वाचला आणि दुसरी क्रेन मिळणार नाही असं सांगितलं. मग दानिलोने जे बदलता येईल तिकडे मोर्चा वळवला. क्रेन बदलता येत नव्हती. बायकांची ओळ बदलता येत होती.

फेरी मारताना त्याची एकदा अडचण झाली. बायका हाताने गाठी मारत होत्या आणि तोंडाने सतत बोलत होत्या. नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल, आदल्या रात्री कोणाच्या घरी मांजरीने दूध सांडलं त्याबद्दल. बोलणं हे थांबणं धरायचं का, असं त्याने मला विचारलं. मी ते शेवंताबाईंना विचारलं. शेवंताबाई पातीच्या कडेला बसायच्या, म्हणजे टोळीच्या पुढारीण. उंच, हाडकुळ्या. हेल्मेट पदरावरून घालायच्या, त्यामुळे ते नेहमी तिरपं असायचं.

त्या म्हणाल्या, “साहेबाले म्हणा, तोंड बंद केलं का हात बी बंद होते आमचा. पायजे तं करून पाय.”

दानिलोने बोलणाऱ्या हातांची खूण ‘काम’ या रकान्यात केली.

दुसरा वाद गाठींचा. नकाशाप्रमाणे सळ्यांच्या प्रत्येक फुलीवर गाठ मारायची गरज नव्हती, एक सोडून एक चालणार होती. बायका प्रत्येक फुलीवर मारत होत्या. दानिलोने समजावलं, मी मराठीत सांगितलं, काही उपयोग झाला नाही.

“एक सोडून एक तण काढलं तं चालते का भाऊ?” शेवंताबाईंनी मला विचारलं. ही गवताची गोष्ट नाही, असं दानिलोचं उत्तर मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की साहेबाच्या देशात चालत असेल. तीन-चार दिवसांनी त्यांनी ऐकलं. तरी सोडलेल्या फुलीपाशी त्यांचे डोळे अडखळायचे. वच्छलाबाई तर आजूबाजूला बघून, मागे सरकून, सुटलेली गाठ गुपचूप मारून यायच्या.

या वच्छलाबाई पातीच्या मध्ये बसायच्या. वयाने सगळ्यांत मोठ्या. बोटांचे सांधे सुजलेले; गाठीची तार पिळायचा लोखंडी आकडा त्यांना दोनदा फिरवावा लागायचा. त्यांच्या डाव्या हाताला शेवंताबाईंची भावजय आणि उजव्या हाताला सुनीता. सुनीता रिसोडकडची, लग्न होऊन वस्तीत आलेली, टोळीतली सगळ्यात चलाख. तिचा आकडा फिरायचा तेव्हा दिसायचा नाही, फक्त टिकटिक ऐकू यायची.

सकाळी लोखंड इतकं गार असायचं की हात चिकटतो की काय असं वाटावं. बायका बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. दुपारी तेच लोखंड तापायचं. मग भाकरी फडक्यासकट सळ्यांवर मांडून ठेवायच्या, जेवायच्या सुट्टीपर्यंत त्या गरम व्हायच्या. कोणी शेताकडून हरभऱ्याचा ढाळा आणला की तो उलट्या हेल्मेटात घालून ओळीतून फिरायचा. संक्रांतीला दानिलोला तिळगूळ दिला, आणि गोड बोला म्हणजे नेमकं काय बोलायचं ते मला त्याला बराच वेळ समजावून सांगावं लागलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दानिलोने जाळीवर रंगाच्या रेघा मारल्या. त्याचा हिशोब सरळ होता. ओळीत चलाख हात मंद हातासाठी रेंगाळतो. प्रत्येकीला वेगळा तुकडा दिला तर तो रेंगाळणार नाही. प्रत्येक तुकडा सारखा मोठा. जिचा तुकडा तिचं काम.

पहिल्याच दिवशी काम वाढलं, दुसऱ्या दिवशी आणखी. हे नोंदवायला हवं, कारण नंतर वस्तीत ही गोष्ट वेगळी सांगितली जाऊ लागली. दानिलोचा हिशोब चुकलेला नव्हता. सुनीताने आपला तुकडा संपवून दुसरा मागून घेतला. दानिलोने तिच्याकडे बघून अंगठा वर केला. तिला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. ती त्या दिवशी घरी जाताना आकडा कमरेला खोचूनच गेली.

पुलावर मात्र बोलणं बंद झालं. तुकडे लांब लांब होते. एकीने केलेली थट्टा दुसरीपर्यंत पोचायला ओरडावं लागे, आणि ओरडून सांगितलेली थट्टा ही थट्टा राहत नाही. नुसती आकड्यांची टिकटिक, जवळ-लांब, कमी-जास्त. वच्छलाबाईंचा तुकडा पहिल्या दिवशी संध्याकाळी निम्मा उरला होता. त्यांनी खाली मान घालून हेल्मेट काढून ठेवलं.

त्यानंतर इंचार्ज साहेबांनी पुलावर येऊन सांगितलं की रोज किमान एवढं काम झालंच पाहिजे. ज्यांचं होणार नाही त्यांना पुढच्या सोमवारपासून कामावर यायची गरज नाही. ते वाईट माणूस नव्हते. स्लॅब ओतायचा दिवस ठरला होता, काँक्रीटच्या कारखान्याला तो कळवला होता आणि त्यांच्या वरचे लोक रोज फोन करत होते.

वच्छलाबाईंना काढलं तर काय होणार हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे यजमान सळ्या वाहायला होते, पण एकट्याच्या कामावर घर चालण्यासारखं नव्हतं. दोघांनी ऊसतोडीला जायचं ठरलं असतं. मुकादमाचा ट्रक संक्रांतीनंतर आणखी जोड्या न्यायला पुन्हा येणार होता. आणि घरी धाकटी लेक आशा पहिल्या बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते.

तरीही पुढच्या काही दिवसांच्या नोंदी बघून दानिलो चकित झाला. वच्छलाबाईंचा तुकडा रोज सगळ्यांत आधी पूर्ण होत होता. सुनीताच्याही आधी. दुपार कलायच्या आत तपासणाऱ्या मुलाने त्यावर खडूची खूण केलेली असायची. तक्त्यात वच्छलाबाईंच्या नावापुढची रेघ सगळ्यांत लांब.

दानिलोला याचा मनापासून आनंद झाला. त्याच्या शास्त्रात अशी पद्धत आहे की सगळ्यांत चांगल्या कामगाराचे हात बारकाईने बघायचे, त्याची पद्धत समजून घ्यायची आणि इतरांना शिकवायची. तो फोनवर चित्रीकरण करायला पुलावर आला. वच्छलाबाईंच्या समोर, सळ्यांवर फळी टाकून, मांडी घालून बसला. मला म्हणाला, यांना सांग, नेहमीसारखंच काम करा, माझ्याकडे लक्ष देऊ नका.

मी सांगितलं. लांबवर कोणीतरी हसणं दाबलं.

“काय वं वच्छला,” शेवंताबाई आपल्या तुकड्यातून म्हणाल्या, “तुह्यावर तं सिनेमा निंघून राह्यला आता.”

वच्छलाबाईंनी एक गाठ मारली. आकडा दोनदा फिरवला. दुसरी गाठ मारताना तार निसटली. दानिलोने घड्याळाकडे बघितलं, मग तक्त्याकडे, मग पुन्हा त्यांच्या बोटांकडे. तिसऱ्या गाठीला वच्छलाबाईंनी आकडा खाली ठेवला.

“साहेब, हे माह्या हातचं काम नाई,” त्या म्हणाल्या. “ह्या बायाईनं केलं.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. दानिलोने फोन बंद केला आणि कसं केलं ते विचारलं. उत्तर शेवंताबाईंनी दिलं. त्या एव्हाना उठून जवळ आल्या होत्या.

“तिच्या घरी पोरगी बाळंतपणाले आली हाये. जिच्या घरी असं असते तिची पात आमी आधी पुरी करून देतो, मंग आपली. म्हणजे तिले उजेड असतानी घरी जाता येते. वावरात तसंच करतो, इथंबी तसंच केलं.”

सकाळी आल्याबरोबर, दानिलोची पहिली फेरी व्हायच्या आत, एक-एक जण आपल्या तुकड्यात जायच्या आधी वच्छलाबाईंच्या तुकड्यात थोडं थोडं करून जायची. एवढंच. आपण मदत करतो आहोत हे लपवायचं त्यांच्या मनात होतं, पण किती करायची याचा अंदाज राहिला नव्हता. तिचं कमी दिसू नये एवढं पुरलं असतं. त्यांनी तिला पहिला नंबर आणून दिला होता.

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा दानिलो हसला आणि बायकाही हसल्या. पण वच्छलाबाई हसल्या नाहीत. खोटी नोंद दानिलोला तशीच ठेवता येत नव्हती. त्याने वच्छलाबाईंना विनंती करून, एकटीने, थोडा वेळ काम करायला लावलं आणि खरी नोंद घेतली. ती ठरवलेल्या किमान कामाच्या निम्म्याच्या आसपास होती. तक्ता इंचार्ज साहेबांकडे गेला.

सोमवारी सकाळी इंचार्ज साहेब स्वतः आले. सगळ्यांसमोर बोलले, आवाज न चढवता. वच्छलाबाईंनी आजपासून येऊ नये, नियम सगळ्यांना सारखा आहे.

“मंग सगळ्याईलेच लावा,” शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांनी आकडा कमरेला खोचला आणि पुलावरून खाली उतरू लागल्या. शेतात एका बाईला मालक मनाला लागेल असं बोलला की सगळी पात काम सोडून उठते. हे त्यातलंच होतं. एकामागून एक सगळ्या उतरल्या. सुनीता तेवढी राहिली. ती आपल्या तुकड्यात बसून गाठी मारत होती आणि वर बघत नव्हती. शेवंताबाई शिडीवरून परत वर आल्या.

“माह्या हातानं होते तं मी काहून थांबू, मावशी?” सुनीता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. आदल्या आठवड्यात दानिलोने तिला विचारलं होतं की पुढच्या साईटवर फिटर म्हणून येशील का. घरी तिने अजून सांगितलंही नव्हतं.

“थांबू नको,” शेवंताबाई म्हणाल्या. “जवळ येऊन कर.”

त्या पुन्हा उतरल्या. थोड्या वेळाने सुनीताही उतरली, पण इतरांपासून जरा लांब बसली.

पुलाच्या खांबाच्या सावलीत सगळ्या बसून होत्या. वर काम बंद. पुरुषांनी सळ्या खाली ठेवल्या. इंचार्ज साहेब गाडीत बसून फोनवर बोलत होते. दानिलो माझ्यासोबत खाली आला आणि बायकांच्या शेजारी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला. कोणीतरी त्याच्या हातावर सोललेले हरभरे ठेवले. त्याने वच्छलाबाईंना विचारलं की बाळंतपणाच्या वेळी घरात दुसरं कोणी नसतं का.

असतं, त्या म्हणाल्या. जाऊ आहे, शेजारणी आहेत. मग म्हणाल्या:

“थोरलीच्या वक्ताले मी उसाच्या फडात होती. बाळंत झाली म्हून फोन आला तवा मोळी बांधून राह्यली होती. मोळी बांधून झाली, मंग रडली.”

मी सांगितलं. दानिलोने विचारलं, मोळीत किती ऊस असतात. हाताच्या कवेत येतील तितके, वच्छलाबाई म्हणाल्या. दानिलोने ते लिहून घेतलं नाही.

तो उठला आणि गाडीपाशी गेला. मी सोबत होतो, त्यामुळे जे बोलणं झालं ते ऐकलं. तो म्हणाला की तुकड्यांच्या पद्धतीने काम जास्त होतं, हे मी लिहिलेलं आहे आणि ते मी मागे घेणार नाही. पण तुकड्यांना माणसं लागतात, ती या क्षणी खाली बसली आहेत. बाहेरची टोळी बोलवायची तर ओतायचा दिवस चुकेल. या बायका आधीच्या पद्धतीने, म्हणजे ओळीने, त्या बाईला धरून कामाला लागल्या तर दिवस चुकणार नाही. त्यांचा ओळीचा वेग मी मोजलेला आहे. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

इंचार्ज साहेबांनी आणखी दोन फोन केले. मग त्यांनी शेवंताबाईंना बोलावून उरलेली सगळी जाळी गुत्त्याने, म्हणजे ठरल्या रकमेत सगळ्यांनी मिळून करायला, देऊ केली. काम कोण किती करतं ते आम्ही बघणार नाही, ठरल्या दिवशी जाळी पूर्ण पाहिजे. शेवंताबाईंनी विचारून सांगते म्हटलं आणि सावलीत जाऊन बसल्या. सांगायला आल्या तेव्हा सोबत सगळ्या आल्या होत्या.

दुपारनंतर पुलावर पुन्हा ओळ लागली. रंगाच्या रेघा तशाच होत्या. ओळ त्यांच्यावरून सरकत गेली. वच्छलाबाई मध्ये, उजव्या हाताला सुनीता. सुरुवातीला नुसती टिकटिक होती. मग शेवंताबाईंच्या भावजयीने विचारलं की सिनेमात वच्छलाच्या नवऱ्याचं काम कोण करणार होतं. पुढे ती थट्टा संध्याकाळपर्यंत पुरली.

त्या दिवसांची आठवण आता येते ती बहुतेक आवाजांची असते. टिकटिक सगळी एका जागी, तिच्यात बोलणं मिसळलेलं. ऊन उतरू लागलं की वच्छलाबाईंच्या पातीत डावी-उजवीकडून हात यायचे, ती आधी पुरी व्हायची आणि त्या उतरून वस्तीकडे चालू लागायच्या. पुलावरून त्यांचं लुगडं तुरीच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, जाताना बराच वेळ दिसायचं. दानिलो घड्याळ गळ्यात ठेवून बसलेला असायचा. त्याच्या शेवटच्या अहवालात ओळीचा वेग आणि तुकड्यांचा वेग दोन्ही होते. दुसरा जास्त होता. कोणता वापरावा याबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात महामार्गाचं काम पुढच्या जिल्ह्यात सरकलं आणि वस्तीत ट्रक आले. सुनीता त्याआधीच गेली होती. घरच्यांची समजूत काढायला तिने शेवंताबाईंनाच सोबत नेलं होतं, असं नंतर कळलं. आता ती दुसऱ्या एका राज्यातल्या पुलावर मुकादम आहे. तिच्या हाताखालच्यांना ती तुकडे पाडून देते. मध्यंतरी फोनवर बोलताना ती म्हणाली की काम चांगलं चालतं, फक्त साईटवर लय शांत राहते.

दानिलो त्यानंतर कुठे गेला ते मला माहीत नाही. शेवंताबाईंना अजूनही कोणी बाईने एखादं रोप निंदायचं सोडलं तर त्या विचारतात, साहेबाच्या देशातली आहेस का. नव्या सुनांना ते कळत नाही. जुन्या हसतात.

त्या हिवाळ्यात, स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी, जाळीची शेवटची पात चालू होती. ऊन डोक्यावर आलं असताना वच्छलाबाईंच्या यजमानांचा फोन वाजला. ते खाली सळ्यांच्या ढिगापाशी होते; त्यांनी फोन कानाला लावूनच वर बघितलं. हाक मारायची गरज पडली नाही. वच्छलाबाईंच्या हातात अर्धी पिळलेली तार होती. सुनीताने ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

“तू जाय,” ती म्हणाली. “हे मी पायतो.”

इंचार्ज साहेबांनी गाडी दिली. दानिलोने शिडी धरली. वच्छलाबाई हेल्मेट घालूनच गाडीत बसल्या आणि ते तसंच घरापर्यंत गेलं. वर ओळ एका बाईने कमी झाली आणि तशीच पुढे सरकत राहिली. दिवस मावळायच्या आत जाळी पूर्ण झाली, तपासणी झाली, मंजुरी मिळाली. सकाळी मिक्सरच्या गाड्या लागल्या आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब ओतून झाला.

आशाला मालेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. बाळाला पहिली अंघोळ वच्छलाबाईंनी घातली.